सगळ्यांनी मिळून जेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

२०२५ च्या जागतिक आनंद अहवालात एक अख्खं प्रकरण जेवणावर आहे. १४२ देशांतल्या लोकांना विचारलं होतं, गेल्या सात दिवसांत किती दिवस दुपारचं जेवण ओळखीच्या माणसाबरोबर झालं आणि किती दिवस रात्रीचं. म्हणजे आठवड्याची एकूण १४ जेवणं. सेनेगलमधल्या माणसांची त्यातली सरासरी जवळपास १२ जेवणं कुणाच्या तरी सोबत झाली होती. लॅटिन अमेरिकेत हा आकडा ९ च्या आसपास. आपला दक्षिण आशिया मात्र सगळ्यात तळाला, तिथं ४ सुद्धा भरत नाहीत.

आपल्याकडचं कुणीही हे वाचून म्हणेल, काहीतरी गफलत आहे. आजी-आजोबा, दोन भाऊ, दोघी जावा, पोरंबाळं अशी भरलेली घरं आपली. एकटं जेवायचं म्हटलं तरी कोपरा सापडायचा नाही. पण सांगली जिल्ह्याच्या पलूस-वाळवा पट्ट्यातल्या एखाद्या घरात संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत नुसतं बसून राहा आणि कोण कधी जेवतंय ते बघा.

म्हशींच्या धारा काढून, दूध डेअरीत घालून येईस्तोवर सात वाजतात. आजीला शुगरची गोळी घ्यायची असते, तिचं ताट आधी होतं. धाकटा क्लासहून येतो तो भुकेजलेलाच, तो ताट घेऊन टीव्हीपुढं बसतो. थोरली दहावीला, ती ताट आतल्या खोलीत नेते. शेतीची लाईट रात्रीची असली की त्यांचे वडील उसाला पाणी पाजायला गेलेले असतात, ते दहाला येऊन जेवतात. चुलत्यांची एमआयडीसीत सेकंड शिफ्ट, त्यांचं ताट झाकून ठेवलेलं असतं. या सगळ्यांचं होत आलं की दोघी जावा ओट्यापाशी खाली बसतात आणि पातेलं पुढ्यात ओढतात. एकाच हातचं जेवण त्या घरात सहा वेळा वाढलं गेलेलं असतं. कुटुंब एकत्रच आहे, फक्त जेवायला ते कधी एकत्र येत नाही.

याचा तोटा काय होतो, हे संशोधनातून बऱ्यापैकी कळतं. पण ते जरा सावधपणे वाचावं लागतं, कारण या विषयावर मोबाईलवर जे फिरत असतं ते बरंच फुगवलेलं असतं.

२०११ साली ‘पेडियाट्रिक्स’ या बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात हॅमन्स आणि फीझ या संशोधकांनी आधी झालेले १७ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत मिळून १ लाख ८२ हजारांहून जास्त मुलं होती. आठवड्यातून तीन किंवा त्याहून जास्त वेळा घरच्यांबरोबर जेवणाऱ्या मुलांचं वजन योग्य असण्याची शक्यता १२ टक्क्यांनी जास्त निघाली आणि ती मुलं पौष्टिक खाण्याची शक्यता २४ टक्क्यांनी जास्त. उपाशी राहणं, खाऊन ओकून टाकणं असे खाण्याचे आजारी प्रकार ३५ टक्क्यांनी कमी. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे यासाठी रोजचा अट्टहास लागलेला नाही. तीन वेळा पुरलं.

पुढच्याच वर्षी म्युझिक आणि मायर या दोघींनी याच समजुतीला कसाला लावलं. त्यांनी अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलांची अनेक वर्षांची माहिती घेतली. एकत्र जेवणारी मुलं कमी उदास असतात, व्यसनांकडे कमी वळतात, हे त्यांनाही दिसलं. पण त्या घरातली मिळकत, आईवडिलांचं मुलांशी असलेलं नातं, त्यांच्याकडे असलेला वेळ या गोष्टी हिशेबात धरल्यावर जेवणाचा म्हणून वाटणारा फायदा बराच आटला. मुलं मोठी झाल्यावर तर तो फारसा उरलाच नाही.

असं का होतं? ज्या गावात ट्रॅक्टर जास्त, त्या गावात ऊसही जास्त दिसतो. म्हणून बिनपाण्याच्या माळावर कुणी ट्रॅक्टर आणून उभा केला तर तिथं ऊस यायचा नाही. दोन्हीच्या मागं पाणी असतं. तसंच ज्या घरात माणसांचं एकमेकांशी बरं चाललेलं असतं, हातात थोडा पैसा आणि थोडी उसंत असते, तिथं पंगतही बसते आणि पोरंही मार्गी लागतात. श्रेय सगळं पंगतीला देता येत नाही.

म्हणून ‘एकत्र जेवा, मुलं हुशार होतील’ असं मी लिहिणार नाही. पण एवढी चाळणी लावूनही काही गोष्टी शिल्लक राहतात, आणि त्या कुणाच्याही स्वयंपाकघरात उघड्या डोळ्यांनी दिसतात.

त्यातली सगळ्यात मोठी, आणि जिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, ती म्हणजे वाटणी. ती समजण्यासाठी आधी भाकरीकडे बघावं लागेल.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखं ग्लूटेन नसतं, त्यामुळं ते ताणलं जात नाही. कणकेसारखं एकदाच तिंबून, गोळे करून ठेवून चालत नाही. एकेका भाकरीपुरतं पीठ मळायचं, लगेच थापायचं, दोन्ही हातांवर तोलून तव्यावर टाकायचं, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलथायचं, मग तवा बाजूला करून जाळावर फुगवायची. एका भाकरीला दोन-तीन मिनिटं जातात. आठ माणसांच्या पंधरा-सोळा भाकऱ्या म्हटल्या तर पाऊण तास कुठं गेला कळत नाही. त्यात खाणाऱ्या प्रत्येकाला तव्यावरची हवी असते. मग एक उतरते, एक पानात पडते, तोवर दुसरी थापून होते. हा सगळा वेळ भाकरी करणारी चुलीपासून हलू शकत नाही. ती शेवटी जेवते यात रीतीरिवाज आहेच, पण भाकरी गरमच खायची हा आपला हट्टही तितकाच आहे.

आता या पाऊण तासात पातेल्यात काय होतं ते बघा. पीठ डब्यात असतं, भाकरी कमी पडली तर आणखी एक थापता येते. कोरड्यास मात्र संध्याकाळी एकदाच झालेलं असतं. अख्खा मसूर असो, घेवडा असो, नाहीतर शेवग्याची आमटी. आधी बसलेला मनापासून ओरपतो, वाढणारी आग्रह करून आणखी वाढते, आणि शेवटी पातेल्याच्या बुडाला पातळ रस तेवढा राहतो. मग ती दोन भाकऱ्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर नाहीतर खर्ड्याबरोबर खाते आणि ‘मला हेच आवडतं’ म्हणते. तिचं पोट भरतं. उपाशी कुणी झोपत नाही, म्हणून हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कमी पडतं ते डाळी-कडधान्यातलं प्रथिन, पालेभाजीतलं लोह, कालवणातलं अंडं किंवा मटणाची फोड, वाटीभर दही. आणि हे एका दिवसाचं नसतं, लग्न होऊन आल्यापासून वर्षानुवर्षं चाललेलं असतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळलं. देशभरात हे प्रमाण बायकांमध्ये ५७ टक्के आणि पुरुषांमध्ये २५ टक्के आहे. पाळी, बाळंतपणं ही त्याची मोठी कारणं आहेतच. पण ज्या शरीरातून रक्त जास्त जातं, त्याच शरीराच्या वाट्याला ताटातलं लोह सगळ्यात शेवटी यावं, ही वाटणी उलटी आहे.

सगळे एकदम बसले की ही वाटणी आपोआप बदलते, कारण पातेलं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. सहा ताटं मांडलेली दिसत असली की तिसऱ्यांदा कोरड्यास मागणाऱ्याचा हात आपसूक आवरतो. त्याला कुणी बोलावं लागत नाही. राजस्थानात बांसवाडा आणि सिरोही जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत बचत गटांमार्फत हे मुद्दाम करून पाहिलं गेलं. घराघरांना सांगितलं, सगळ्यांनी सोबत बसून जेवा. त्यानंतर त्या बायकांना पुरेसं आणि निरनिराळं अन्न मिळण्याचं प्रमाण वाढलं. आहाराची माहिती आणि इतर मदतही सोबत दिलेली होती, त्यामुळं सगळा गुण एकट्या पंगतीचा नाही. तरी खर्च न वाढवता ताटातला फरक पडू शकतो, एवढं त्यातून दिसतं.

आमच्या शेजारच्या घरात थोरल्या सुनेनं हे सुरू केलं तेव्हा मी तिथंच होते. तिनं सगळ्या भाकऱ्या करून बुट्टीत धुवट फडक्यात गुंडाळल्या, गॅस बंद केला आणि सासऱ्यांना म्हणाली, “आबा, थांबा की जरा. सगळीच बसूया.” आबांना ते काही पसंत पडलं नाही. “आगं, गार भाकरीला काय चव?” असं म्हणत बसले. फडक्यातली भाकरी अर्धा तास चांगली मऊ राहते, हे त्यांना दोन-चार दिवसांत पटलं. तडजोड म्हणून शेवटची भाकरी त्यांच्यासाठी ठेवायची आणि सगळे बसताना तव्यावरून थेट त्यांच्या पानात टाकायची, असं ठरलं. आता तेच पोरांना हाका मारून गोळा करतात. धाकटी सून अजून अवघडून बसते, पदर सावरत अर्धी वळून. तिला वेळ लागेल, आणि त्यासाठी कुणी तिच्यामागं लागू नये असं मला वाटतं.

शेतातली दुपार बघितली तर याच बायका वेगळ्याच दिसतात. भांगलणीला गेलेल्या आठ-दहा जणी एकच्या सुमाराला बांधावरच्या झाडाखाली बसतात, फडकी सोडतात आणि सगळ्यांची कोरड्यासं मध्ये येतात. हिचं पिठलं तिच्या भाकरीवर, तिची मेथी हिच्या. कुणी दह्याचा डबा फिरवते, कुणाच्या मिरचीच्या ठेच्यानं सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. हसणं, सासुरवाशिणीची गाऱ्हाणी, पोरींच्या स्थळांची चौकशी, सगळं त्या अर्ध्या तासात. पोटभर आणि जीव रमवून जेवायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. तीच बाई रात्री ओट्याला टेकून पाच मिनिटांत उरकते.

ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांनी २०१७ मध्ये सोबत जेवण्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. इतरांबरोबर जास्त वेळा जेवणारी माणसं स्वतःला जास्त समाधानी समजतात आणि अडीनडीला हाक मारता येईल अशी माणसंही त्यांना जास्त असतात, असं त्यात दिसलं. जेवताना हसणं झालं, जुन्या आठवणी निघाल्या, की जवळीक जास्त वाटते. डनबार यांच्या मते त्यामागं मेंदूत स्रवणारी एंडॉर्फिन ही सुखावणारी रसायनं असावीत. बांधावरच्या त्या अर्ध्या तासाचं याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही.

माणूस कुणाबरोबर जेवतो त्यावरून तो कुणाला आपलं मानतो ते ठरतं, हे आपल्या भागाला संशोधनाच्या आधीपासून ठाऊक आहे. म्हणून तर जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसायच्या. वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एकाच पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव दिलं गेलं. त्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे कर्मवीरांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने विकले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. पुस्तकं आणि वर्ग महत्त्वाचे होतेच. पण एका ताटवाढीत बसलेली पोरं पुढं एकमेकांना परकी मानू शकली नाहीत, हे काम त्या स्वयंपाकघरानं केलं.

मुलांचं आणि बोलण्याचं नातं हा पुढचा भाग. हार्वर्डच्या कॅथरीन स्नो यांच्या गटानं अमेरिकेतल्या कमी मिळकतीच्या घरांतल्या लहान मुलांचं जेवतानाचं बोलणं वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रित केलं. एरवीच्या ‘ये, जा, घे, ठेव’च्या पलीकडचे शब्द जेवताना ज्यांच्या कानांवर जास्त पडले, त्या मुलांचा शब्दसाठा पुढं मोठा निघाला. मोठी माणसं मोठ्या माणसांशी बोलत असतात आणि मूल शेजारी घास चघळत ऐकत असतं, एवढंच त्यात घडतं. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, बेदाण्याचा दर, सोसायटीचं कर्ज, वारसाची नोंद हे सगळं पोराच्या कानावर असंच पडतं. ते क्लासमध्ये मिळत नाही.

एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना घराण्याबद्दल २० प्रश्न विचारले. आजी-आजोबा कुठं वाढले, आईवडिलांची भेट कशी झाली, घरावर कोणतं संकट आलं होतं, असे. ज्यांना जास्त माहिती होती, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास जास्त होता. उत्तरं पाठ करून घेतली तर उपयोग नाही, असं ते आवर्जून सांगतात. ही माहिती ज्या निवांत बसण्यातून आणि पुन्हा पुन्हा सांगण्यातून झिरपते, ते बसणं महत्त्वाचं.

आपल्या घरांत सांगण्यासारखं किती आहे! १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची आणि सुकडी खायची, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या लाल भाकरीला कसा वास यायचा. विट्याकडच्या घरांत कुणीतरी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी मुलखाबाहेर गेलेलं असतं, भाषा येत नसताना तिथं पहिली रात्र कशी काढली त्याची गोष्ट असते. जावळी-पाटणच्या घरांत मुंबईच्या गाळ्यातली आणि खाणावळीच्या डब्यातली. आणि २०१९ चा महापूर तर अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. जनावरं कशी सोडली, कुणाच्या माडीवर किती घरं राहिली, त्या माडीवर एका पातेल्यात काय शिजलं, हे त्या वर्षी जन्मलेल्या पोराला कुणीतरी सांगायला हवं. रात्रीच्या जेवणाइतकी चांगली वेळ त्याला दुसरी नाही.

इथं एक धोका आहे. दिवसभर पोरगं हाताला लागत नाही, म्हणून जेवायला बसलं की “घटक चाचणीत किती पडले? मोबाईल किती वेळ बघितलास?” असं सुरू होतं. पोरगं मान खाली घालून भराभर गिळतं आणि उठतं. पुढच्या वेळी ते ताट घेऊन आतल्या खोलीत जाणार. भावकीतल्या वाटणीचा वादही तसाच, तो पंगतीत आणू नये. मार्कांचं बोलणं जेवणाआधी उरकावं नाहीतर नंतर करावं.

खाण्याच्या प्रमाणाबद्दल थोडक्यात. जॉन दि कॅस्ट्रो यांच्या १९८९ च्या अभ्यासात चारचौघांत जेवणारा माणूस एकट्यापेक्षा सरासरी ४४ टक्के जास्त खातो असं आढळलं. म्हणजे पंगतीत बसलं की आपोआप कमी खाल्लं जातं हे खरं नाही, शुगर असलेल्यांनी आग्रहाला आवर घालायलाच हवा. मात्र पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. बोलत जेवणाऱ्याला ती जाणीव होते. रील बघत पाच-सात मिनिटांत ताट संपवणाऱ्याला ती व्हायच्या आधीच तिसरी भाकरी गेलेली असते.

मग सेकंड शिफ्ट आणि रात्रीची लाईट असलेल्या घरानं हे कधी करायचं? रात्रीचाच आग्रह धरू नये. शिफ्टवाला माणूस दुपारी बाराला घरी असतो, रविवारी मुलंही असतात. लाईट दिवसाची असते त्या दिवसांत रात्र मोकळी मिळते. धारा आणि क्लास यांच्या मधली न्याहारीही चालते. आठवड्याच्या सुरुवातीला शिफ्टचा कागद आणि लाईटचं वेळापत्रक शेजारी ठेवलं तर तीन वेळा बहुतेक घरांत सापडतात. पदार्थ वाढवायचे नाहीत, नाहीतर एकत्र जेवायचं म्हणजे तिला आणखी दोन भाज्या. आमटी, भाकरी, कांदा पुष्कळ झालं.

आणि खरकट्याचं आधी ठरवावं. देशाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ गेलेला दिसला, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. पंगत उठल्यावर सगळी भांडी एकदम तिच्यापुढं पडणार असतील, तर आधीचं सुटं सुटं जेवणंच तिला बरं वाटेल, आणि तिचं बरोबर असेल. प्रत्येकानं आपलं ताट मोरीत नेऊन विसळायचं, भाकरीची परात आणि तवा पुरुषांपैकी कुणीतरी घासायचा. शेजारच्या घरात तवा आबांच्या थोरल्या मुलाकडे आहे. त्याला तो अजून नीट निघत नाही, राखेनं घासावा की चोथ्यानं यावर रोज बायकोशी त्याची चर्चा चालते.